कोणता हात मोकळा ठेवू?

सलाईनची सुई लावायला आलेल्या सिस्टरने माझ्या वडिलांना आधी विचारलं, "आजोबा, कोणत्या हाताने जेवता?"

"उजव्या," अप्पा म्हणाले. तिने डाव्या हाताला पट्टा बांधायला घेतला, तेवढ्यात अप्पांनी त्याच हाताने चष्मा काढून उशीपाशी ठेवला. ती थांबली. "आणि बाकीची कामं?"

"बाकी सगळं डाव्याने. जेवायला तेवढी आमच्या आईने उजव्याची सवय लावली. पाठीत धपाटे घालून."

ती हसली. "मग तुम्हीच सांगा, कोणता हात मोकळा ठेवू?"

सकाळपासून अप्पांना पुष्कळ प्रश्न विचारून झाले होते. कुठे दुखतं, कधीपासून दुखतं, विमा आहे का. ते सगळे दुखण्याबद्दल होते. अप्पांबद्दलचा हा पहिलाच. हॉस्पिटलात आलं की माणूस स्वतःचं अंगसुद्धा दुसऱ्यांच्या स्वाधीन करून मोकळा होतो. ही मुलगी त्यातला निदान एक हात परत देत होती.

अप्पांनी जरा विचार केला आणि सुईसाठी उजवा हात पुढे केला.

दुपारी ड्यूटी बदलताना तिने खाटेपाशी उभं राहून नव्या सिस्टरला सांगितलं, "आजोबा डावखुरे आहेत. पाणी, चष्मा, बेल, सगळं डावीकडे ठेव."

संध्याकाळी वरणभात आला. मी भरवायला चमचा उचलला, तर अप्पांनी मानेनेच नको म्हटलं. मग, आपली आई कुठून बघत तर नाही ना, अशा चेहऱ्याने त्यांनी एकदा दाराकडे पाहून घेतलं, आणि डाव्या हाताने पहिला घास उचलला.