चंद्राच्या जागी

भाऊबीजेच्या दुपारी चुडाव्याच्या स्टेशनावर मी मानवत रोडचे तिकीट काढले, तेव्हा तिकडे माझी वाट पाहणारे कोणीही उरलेले नव्हते. ताई श्रावणात गेली. तिचा मुलगा घराला कुलूप लावून आपल्या नोकरीच्या गावी परतला होता. तरीही मी पहाटे उठून स्नान केले, धुतलेला सदरा घातला आणि पिशवी घेऊन निघालो. मी संसार केला नाही. शाळा आणि ताई एवढीच माझी माणसे. शाळेतून निवृत्त झालो, आणि आता ताईही राहिली नव्हती.

आमच्या भाऊबीजेची रीत थोडी निराळी होती; ती आधी सांगितली पाहिजे. ताईने फार पूर्वीच साडी आणि पाकीट घेणे बंद केले होते. ओवाळून झाले की ती ओवाळणी म्हणून एखादे काम मागायची आणि ते मी पुढच्या भाऊबीजेपर्यंत चालवायचे. एका वर्षी तिने मागितले, की गल्लीतल्या अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यापाशी रोज जाऊन बसावे. एका वर्षी मागितले, की अभ्यासात मागे पडलेल्या मुलांना घरी बोलावून शिकवावे आणि रागावू नये. मी म्हणालो, "शिकवीन, पण रागावायचे नाही हे अवघड आहे." ती हसून म्हणाली, "मंग तेवढंच मागितलं समज. शिकवायचा तर सरकार पगार देतंय तुला."

गेल्या वर्षीचे मागणे सर्वांत लहान होते. "सांजच्याला देवापुढं निरांजन लावून थोडं बसत जा. घरात बोलायला कुणी न्हाई तुला, त्याच्याशी तरी बोल." मी निरांजन लावत आलो. ती गेल्यावरही एक दिवस चुकवला नाही. परंतु खरे सांगायचे तर त्या ज्योतीपुढे मी केवळ शब्द पाळणारा माणूस म्हणून बसत होतो. देव ऐकतो आहे असे एकदाही वाटले नाही. आणि आज तो शब्द पूर्ण होत होता. नवे काही मागणारे कोणी नव्हते. उद्यापासून हे निरांजन कोणासाठी लावायचे, आणि उद्यापासून मी तरी कोणासाठी उठायचे, हा प्रश्न घेऊन मी गाडीत बसलो होतो. ताईच्या बंद दारासमोर उभे राहून 'तुझे काम झाले' एवढे सांगायचे आणि परतायचे, असे ठरवले होते.

गाडी वाटेत पिंगळीला बराच वेळ थांबली. समोरच्या बाकावर एक बाई भावासाठी नेत असलेला करंज्यांचा डबा मांडीवर सांभाळून बसली होती. त्या डब्याकडे पाहता पाहता ते कुलूप माझ्या डोळ्यांपुढे उभे राहिले आणि माझे धैर्य सरले. मी पिशवी उचलून खाली उतरलो. परतीची गाडी संध्याकाळी होती. स्टेशनाजवळच्या शेताच्या बांधावर, बाभळीखाली जाऊन बसलो.

त्या शेतात खतासाठी मेंढरे बसवली होती. दिवस मावळला तशी मेंढपाळांच्या पालातून एक तरणी बाई ताट घेऊन बाहेर आली. ताटात कणकेचा दिवा होता. ती मावळतीकडे तोंड करून उभी राहिली. तिला भाऊ नसावा, हे मी ओळखले. आपल्याकडे जिला भाऊ नाही ती भाऊबीजेला चंद्राला ओवाळते. द्वितीयेची कोर सूर्यामागोमाग थोडाच वेळ दिसते आणि मावळते. त्या दिवशी मावळतीला ढग दाटले होते. ती टाचा उंचावून पाहत होती आणि पदराने दिवा झाकत होती.

पालाच्या तोंडाशी बसलेली तिची सासू म्हणाली, "अगं, चांद न्हाई यायचा आज. तो बांधावर कवाचा एक जण बसलाय, त्यालाच ओवाळ. चांदाला तर तोंड बी नसतं करंजी खायला!"

बाई हसत माझ्याकडे आली. "दादा, वळा की जरा इकडं."

मी घाईने म्हणालो, "बाई, माझी बहीण गेली आहे. यंदा मला ओवाळून घेता येणार नाही." वास्तविक विवाहित बहिणीचे सुतक भावाला तीनच दिवसांचे असते, मी मात्र मनाने ते वर्षभराचे धरले होते. शेजाऱ्यांनी दिलेले फराळाचे डबेही घरी तसेच बंद होते.

"दुःखाच्या घरी आपण कढई चढवायची नसती," ती म्हणाली. "पर भाईरच्यानं दिल्याला घास न्हाई म्हणायचा नसतो. बसा गपगुमान."

मी टोपी नीट केली आणि बसलो. तिने कुंकू लावले, अक्षता टाकल्या, ओवाळले आणि करंजीचा तुकडा माझ्या तोंडात दिला. मी सवयीने खिशाकडे हात नेला. तिने ताट मागे घेतले.

"पैसं नगं. चांद देतो का मला पैसं?"

"मग त्याच्याकडे काय मागतेस?"

"त्याला काय मागायचं! फुडल्या साली बी दिस म्हणते." तिने दिव्यावर पदर धरला. "तुमी बी दिसा, दादा."

ओवाळून झाल्यावर काहीतरी मागणारा आवाज मला पुन्हा ऐकू येईल, असे वाटले नव्हते. "तुम्ही पुढच्या वर्षी कुठे असाल?" मी विचारले.

"मेंढरं नेतील तिकडं. चांद काय पत्ता इचारून उगवतो व्हय?" सासूने पालातून उत्तर दिले आणि दोघी हसल्या.

चंद्र त्या संध्याकाळी दिसला नाही. मी परतीच्या गाडीने चुडाव्याला आलो. घर तसेच होते, रिकामे. शेजाऱ्यांच्या फराळाचा एक डबा उघडून देवापुढे ठेवला आणि निरांजन लावले. त्या ज्योतीपाशी मी प्रथमच मोकळेपणाने बोललो. ताईचे नाव घेतले, आणि रडलो.

ती बाई तेथे कोणी पाठवली, याची चिकित्सा मी करत नाही. आजवर माझी समजूत अशी होती, की देवापाशी मागावे ते माणसाने. त्या सांजेला त्यानेच माझ्यापाशी मागितले, आणि मागितले तेही किती थोडे. एकटेपण गेलेले नाही. ते माझ्याबरोबर राहील. परंतु आता माझ्याकडे वर्षभराचे काम आहे. पुढच्या भाऊबीजेला दिवस मावळताना मी पिंगळीच्या त्या बांधावर असेन. तेथे पाल असेल की नसेल, हे मी त्याच्यावर सोपवले आहे. मला फक्त दिसायचे आहे.