कुठली खडी?

नामिबियातल्या कीटमान्सहूपच्या टायरवाल्याची पहिली चूक ही, की तो सगळं लाझारसला समजावत बसला. टायर हवे होते आपोलोनियाला, मोटारसायकल आपोलोनियाची, आणि दुकानदाराचं तोंड मात्र तिच्या भाच्याकडे. साठी ओलांडलेली, बुटकी, डोक्याला घट्ट रुमाल बांधलेली बाई आठशे सीसीच्या गाडीचे टायर निवडायला आली आहे, हे त्याच्या डोक्यात शिरतच नव्हतं.

"हा बघा, अर्धा डांबराला, अर्धा खडीला," तो लाझारसला म्हणाला. "आणि हा मोठ्या रबरी बटनांचा. नव्वद टक्के खडीसाठी. सगळे टूरवाले हाच नेतात."

"कुठली खडी?" आपोलोनियाने विचारलं.

तो पहिल्यांदाच तिच्याकडे वळला. "खडी म्हणजे... खडी, मावशी. दगड."

"दगड!" आपोलोनियाने हातातली पिशवी काउंटरवर ठेवली. ती पिशवी खाली ठेवते तेव्हा ती लवकर हलणार नाही, हे लाझारसला लहानपणापासून ठाऊक होतं. "बेथानी सोडलं की पहिले चाळीस किलोमीटर नदीची गोल खडी. ती टायरखालून निसटते, कापत नाही. मग साठ किलोमीटर पाटीच्या दगडाच्या कपच्या. त्या उभ्या राहतात आणि कापतात. मध्ये चुनखडीचा फुफाटा आणि शेवटी वाळूचे तीन पट्टे. आता सांग, तुझी नव्वद टक्के खडी यातली कुठली?"

दुकानदार लाझारसकडे बघायला लागला. लाझारस छताकडे.

ती सांगत होती ते पुस्तकातलं नव्हतं. बेथानीपासून हेल्मरिंगहाउझेनपर्यंतचा तो रस्ता सत्तावीस वर्षं आपोलोनियाने स्वतः घासला होता. ग्रेडर या रस्ता सपाट करणाऱ्या यंत्राच्या उंच केबिनमध्ये बसून, पोटाखालचं लांबलचक पातं तिरकं धरून, ताशी सहा-सात किलोमीटरने. एका टोकापासून दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत पहिल्या टोकाला गाड्यांनी पुन्हा आडव्या नाळी पडलेल्या असायच्या, की परत फिरायचं. राहायचं रस्त्याकडेच्याच चाकं लावलेल्या डब्यात, जो दर महिन्याला थोडा पुढे ओढून न्यायचे.

त्या डब्यात ती पहिल्यांदा गेली ती स्वयंपाकीण म्हणून. तेवीस वर्षांची होती. सात माणसांचं पीठ कालवायचं, बकऱ्याचं मांस शिजवायचं, भांडी घासायची. भांडी घासता घासता ती खिडकीतून पात्याचा कोन बघायची. मग दहा वर्षांनी एकदा ग्रेडरवाला आजारी पडून शहरात गेला, आणि ते धूड अकरा दिवस जागेवर उभं राहिलं. बाराव्या दिवशी आपोलोनियाने चुलीवरचं पातेलं उतरवलं, हात पुसले आणि शिडी चढली. माणसं पोट धरून हसली. "भांडी घासणारी आता रस्ता घासायला निघाली!"

"भांडी घासली म्हणूनच कळतं, जोर कुठे लावायचा आणि कुठे नाही," असं ती वरून ओरडली आणि गिअर टाकला.

साहेब तपासायला आला तेव्हा चार किलोमीटर रस्ता झाला होता, आणि त्यात खोट काढायला त्याला जागा सापडेना. तरीही कागदोपत्री तिला ग्रेडरवाली व्हायला आणखी तीन वर्षं लागली. तेवढ्या काळात नवऱ्याने "ते मशीन किंवा मी" असं विचारून पाहिलं. बिचाऱ्याला वाटलं होतं, ती विचार करायला वेळ मागेल. तिने नाही मागितला.

साठाव्या वर्षी खात्याने तिला घरी बसवलं. घरी बसणं तिला चार महिने जमलं. पाचव्या महिन्यात एका शेतकऱ्याची पडून असलेली मोटारसायकल तिने आणली, आणि आपला रस्ता आयुष्यात पहिल्यांदा ताशी सत्तरने पाहिला. त्या दिवशी ती घरी येऊन रडली. आनंदाने रडली, पण त्यात रागही होता. इतकी वर्षं हे सुख आपण लोकांसाठी करत होतो, आणि आपल्याला त्याची चवसुद्धा ठाऊक नव्हती, याचा तो राग.

आता गोष्ट अशी की लाझारसचा मोटारसायकल टूरचा धंदा होता. पाहुणे यायचे, तो त्यांना भाड्याच्या गाड्या द्यायचा आणि आठ-आठ दिवस वाळवंटात फिरवून आणायचा. या कामाला दोन माणसं लागतात. एक सगळ्यांच्या पुढे, रस्ता दाखवत. दुसरं सगळ्यांच्या मागे, तंबू, पाणी आणि भांडी भरलेल्या ट्रकमध्ये. त्याचा पुढचा माणूस नोकरी सोडून समुद्राकडे गेला, तेव्हा लाझारस मोठ्या प्रेमाने आत्याकडे आला. आत्याने ट्रक चालवावा, संध्याकाळी रांधावं. पुढे तो स्वतः जाईल.

"पुढे मी जाते," आपोलोनिया म्हणाली. "तू रांध."

आठवडाभर घरात हीच हुज्जत चालली. शेवटी लाझारसने तोड काढली. हेल्मरिंगहाउझेनपर्यंत आत्या पुढे. तिथवर पोचली तर सगळा हंगाम तिचा. पण वाटेत तिचं एक जरी पंक्चर झालं, तर ती गाडी त्याच्या हातात देईल आणि ट्रकमध्ये बसेल, कायमची. पाहुण्यांसमोर वाटाड्याच रस्त्यात उकिडवा बसला तर धंद्याची लाज जाते, असं त्याचं म्हणणं. आपोलोनिया "बरं" म्हणाली. तिची अट एकच, टायर ती स्वतः निवडणार. म्हणून तर ती इथे आली होती.

तिने मोठ्या बटनांचा टायर जमिनीवर आडवा टाकला आणि त्याच्या कुशीवर, म्हणजे बाजूच्या भागावर, गुडघा रोवला. कूस आत गेली. मग कोपऱ्यात पडलेला एक काळा, जड टायर ओढून काढला. नक्षी बारीक, ठोकळे एकमेकांना चिकटलेले. त्यावर गुडघा रोवला, तर गुडघाच दुखला. तिने टायर उचलून धरला, कोणत्या वर्षी बनला ते आकडे वाचले, नख रुतवून रबर कडक झालं नाही ना ते पाहिलं. "हा. पुढचा आणि मागचा, दोन्ही."

"आत्या, हा टायर पोस्टमनच्या गाडीला शोभेल," लाझारस म्हणाला. "पाहुणे फोटो काढतात ग. बटनांचे टायर बघूनच अर्धे लोक माझ्याकडे येतात."

"मग फोटोला तुझा टायर लाव. रस्त्यावर माझा जाईल. बटनं मऊ मातीत बरी. तापलेल्या कपच्यांवर ती चणे सोलावे तशी सोलून निघतात. आणि मला भीती बटनांची नाही, कुशीची आहे. तळाला भोक पडलं तर बुजवता येतं. कूस फाटली की टायर भंगारात."

दुकानदार हसू दाबत टायर बसवायला उठला. पुढचा बसवताना त्याला तिच्याकडून दोनदा शिव्या खाव्या लागल्या.

गुरुवारी सकाळी पाहुणे तिघे. विंडहुकचे दाताचे डॉक्टर हार्टविग आणि त्यांचे दोन मित्र. डॉक्टरांनी लाझारसशी हात मिळवला, तळलेल्या पिठाच्या गोळ्यांचा नाश्ता केला आणि आपोलोनियाला म्हणाले, "दुपारच्या जेवणाला काय आहे, मावशी?"

"मागच्या ट्रकला विचारा," ती हेल्मेट चढवत म्हणाली.

बेथानीपर्यंत सगळं ठीक. गोल खडीवर तिने पन्नास धरले आणि सोडले नाहीत. मागे तिघं चुळबुळ करत होते. आरशात त्यांचे दिवे डावीकडे, उजवीकडे हलत होते. तिने लक्ष दिलं नाही. नव्याण्णवाव्या किलोमीटरजवळ रस्ता एकदम बदलला. नाळी नाहीत, खड्डे नाहीत, चादर अंथरल्यासारखा सपाट. काल नाहीतर परवा ग्रेडर फिरला होता. आपोलोनियाने तत्काळ वेग तीसवर आणला आणि हात वर केला.

ही गोष्ट ज्याने पातं चालवलं आहे त्यालाच कळते. लोकांना वाटतं, नुकता घासलेला रस्ता म्हणजे चांगला रस्ता. त्या वर्षी पाऊस नव्हता, रस्त्यावर शिंपडायला पाणी कुठलं? कोरडाच घासलेला. दबलेलं सगळं उकरून वर आलेलं, खालच्या कपच्या धार वर करून पडलेल्या, आणि कडेला गुडघाभर भुसभुशीत बांध. असा रस्ता आठवडाभर गाड्या जाऊन दबला, की मगच रस्ता होतो.

डॉक्टर हार्टविगना तो हमरस्ता वाटला. वर केलेल्या हाताकडे त्यांनी बघितलंही नाही. नव्वदच्या वेगाने ते तिच्या बाजूने गेले, अंगठा दाखवून गेले, आणि दोनशे मीटरवर त्यांच्या गाडीचं मागचं चाक शेपटीसारखं हलायला लागलं. धुरळा उठला. धुरळा बसला तेव्हा डॉक्टर बांधापलीकडच्या झुडपात बसलेले होते.

आपोलोनिया सरळ बांधावरून गाडी घालून त्यांच्याकडे गेली. फिरून जायला वेळ नव्हता. माणसाला काही झालेलं नव्हतं. मनगट मुरगळलं होतं आणि तोंडात माती होती. गाडीच्या मागच्या, बटनांच्या टायरची कूस मात्र वीतभर फाटली होती. हे सगळं पाहून ती वळली, तेव्हा तिला तो आवाज ऐकू आला. तिच्याच मागच्या टायरमधून, बारीक, सापासारखा.

बांधातली एक कपची तळात रुतली होती.

तिने वाकून कपचीला बोट लावलं. डोळ्यात पाणी आलं, आणि ते आलं म्हणून तिला स्वतःचाच संताप आला. सत्तावीस वर्षं ज्या दगडांना उलटंपालटं केलं, त्यातल्याच एकाने दावा साधावा! मग तिने गाडी परत रस्त्यावर घेतली, हत्यारांची पिशवी काढली आणि रस्त्याच्या मधोमध उकिडवी बसली. पक्कडीने कपची ओढली, सुईने चिकट रबराची पट्टी भोकात खुपसली, टोक कापलं, पायपंपाने हवा भरली. लाझारसचा ट्रक येऊन थांबला तेव्हा ती पंपाची नळी गुंडाळत होती.

लाझारसने पंप पाहिला. ट्रकची चावी काढून तिच्यापुढे धरली. त्याला वाईट वाटत होतं, हे खरं. पण थोडं बरंही वाटत होतं, हेही खरं.

"झालं ना, आत्या? बोलल्याप्रमाणे."

"झालं," ती म्हणाली. "भोक पडलं, बुजवलं."

"बोली काय होती? एक पंक्चर, की ट्रक."

"बोली चुकीची होती. मी हो म्हटलं, ती माझी चूक. पंक्चर होत नाही असा टायर नाही आणि असा माणूसही नाही. तिकडे जाऊन बघ, तुझ्या फोटोतल्या टायरची काय दशा झालीय. तो बुजवून दाखव, मी आत्ता ट्रकमध्ये बसते."

लाझारस गेला, वाकला, फाटक्या कुशीत त्याची चार बोटं गेली. त्याने ती झटकन बाहेर काढली.

डॉक्टर जवळ आले. मनगट छातीशी धरून ते म्हणाले, "हे बघा, आम्ही पैसे दिलेत ते वाटाड्यासाठी. बाई सायकलच्या वेगाने चालवतात. मुलगा पुढे जाऊ दे."

"मी हात वर केला होता, डॉक्टर. तुम्ही अंगठा दाखवलात," आपोलोनिया म्हणाली. "तुमचे पैसे लाझारसकडे आहेत, परत मागून घ्या. रस्त्याचं म्हणाल, तर तो एकच आहे, आणि त्याच्यावर पुढे मी आहे. मागून यायचं असेल त्याने या. नसेल यायचं त्याने इथे उन्हात बसा. लाझारस, चावी खिशात घाल, हरवेल."

"आत्या, तू शब्द मोडतेयस."

"मोडतेय. सांगतेय ना तुझ्या तोंडावर!"

आणि तिने गाडी सुरू केली. पहिल्या गिअरमध्ये, पंचवीसच्या वेगाने, रस्त्याच्या मधल्या वीतभर पट्टीवरून, जिथे कालपासून गेलेल्या दोन-चार गाड्यांनी खडी जराशी दाबली होती. आरशात तिने एकदाच पाहिलं. डॉक्टरांचे दोन मित्र एकमेकांशी काहीतरी बोलले, मग निमूटपणे तिच्या चाकोरीत चाक घालून मागे लागले. डॉक्टरांची गाडी लाझारसला एकट्याला ट्रकवर चढवावी लागली, कारण डॉक्टरांचा हात कामाचा नव्हता.

वाळूचे तीन पट्टे तिने टायरमधली हवा कमी करून, पायदानांवर उभी राहून काढले. मागचा एकजण दुसऱ्या पट्ट्यात आडवा झाला, उठला, आणि यावेळी तिने हाताने दाखवलं तसंच त्याने केलं. हेल्मरिंगहाउझेनला ते पोचले तेव्हा ऊन उतरलं होतं. लाझारसचा ट्रक तासाभराने आला. तो खाली उतरला तेव्हा भुवयांपर्यंत फुफाट्याने माखलेला होता. शेजारी डॉक्टर मांडीवर पातेलं घेऊन बसले होते.

आपोलोनिया दगडावर बसून बुटांच्या नाड्या सोडत होती. लाझारस तिच्यासमोर येऊन उभा राहिला.

"आत्या," तो म्हणाला, "सगळ्यांना भूक लागलीय."

"लागणारच," ती म्हणाली. "चूल पेटव. मांस आडवं काप, उभं कापलंस तर चिवट होतं. आणि मीठ शेवटी घाल."