सकूची हिरवी चिंधी

हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही, बायकोलासुद्धा नाही. नागनाथापुढं कितीदा हात जोडले, पण तिथंही ओठ मिटलेलेच राहिले.

पूर्णेकाठी आम्हा भोयांची वस्ती. निजामाच्या राज्यातली गोष्ट. झिंग्यांसाठी आम्ही बांबूच्या कांबट्यांचे सापळे नदीत सोडायचो, आणि ज्याच्या त्याच्या दोराला घरच्या रंगाची चिंधी असायची. दुसऱ्याचा सापळा उचलण्याएवढं मोठं पाप वस्तीला ठाऊक नव्हतं. तरी वाट ठेवलेली होती. नदीची ओटी भरायच्या दिवशी साऱ्यांसमोर आपल्या तोंडानं चूक बोलली, की म्हातारे म्हणत, "पाण्यात गेलं," चूक माफ होई, आणि एकाच हंडीतला रस्सा सगळे ओरपत.

बायको तापानं फणफणली होती. ग्लानीतच झिंग्याचा रस्सा मागत होती आणि माझे सापळे रिकामे. मागितलं असतं तर कुणीही दिलं असतं, लाज वाटली. सांजेला शेजाऱ्याचा सापळा उपसला. तेवढा वेळ बायकोच्या उशाशी बसली होती सकू, पलीकडच्या खोपीतली विधवा. सांजेला ती आपल्या खोपीत कुणाला दिसली नाही, म्हणून आळ तिच्यावरच आला.

"मी न्हाई उचलला. झिंग्यालाच इचारा, त्याला पापनी न्हाई, त्यानं पाह्यलं आसंल," ती म्हणाली. लोक हसले. मग माझ्याकडं वळली, "दादा, तुमी तरी सांगा. मी तुमच्याच घरी व्हते ना?"

हो म्हटलं असतं तर पुढचा सवाल आला असता, मग तू कुठं होतास? मी खाली पाहिलं. पंचांनी तिचं पाणी बंद केलं. सापळे घेऊन ती वस्ती सोडून गेली.

ताप हटेना, म्हणून नागनाथाला निघालो. नदी उतरताना वरून लोंढा आला आणि पाय सुटले. बुडताना हाताला दोर लागला. काठावरच्या धनगरानं ओढून काढलं. दोराचं टोक जांभळीच्या मुळीला बांधलेलं, त्याला हिरवी चिंधी. सकूची.

"कोनी बांधला हा?"

"सकाळी एक बाई बांधून गेली. म्हनली, पानी वाढून राहिलं, कोनीतरी धरंल. का रं, तुझी कोन लागती?"

मी ओल्या अंगानंच माघारी वळलो. घरी आलो तर बायकोचा ताप उतरलेला.

ती सकूच होती का? देवानं वाचवलं म्हणावं, तर मलाच काहून? अजून उमगत नाही. पुढं रझाकारांच्या धाकानं गावंच्या गावं हलली. सकूचा पत्ता लागला नाही. एवढंच कळतं, की दोर धरताना मी काही विचारलं नव्हतं, हात आपसूक गेला होता. शरण जाणं तसंच असावं. नागनाथाचे उपकार मानतो, पण बोलायची वेळ आली की अजून विचारच करत बसतो.

हे आज लिहून काढलं, पण लिहिलेलं वस्तीत चालत नाही, तोंडानं बोलावं लागतं. सापळा मी उचलला, सकू माझ्या घरी होती. एवढं वाक्य मी अजून देणं लागतो.