खेकड्यांचा धडा

पेठकडच्या एका पाड्यावर मी पहिलीचा वर्ग घ्यायचो. राहायला नाशकात, रोज एसटीनं ये-जा. शाळेत खिचडी शिजायला नुकतीच सुरुवात झाली होती, तेव्हाची ही गोष्ट. आजवर कुणाला सांगितली नाही. बायकोलासुद्धा नाही.

वर्गात एक मुलगी होती. अक्षरं ओळखायची, जोडून शब्दही म्हणायची. पण काय वाचलंस, असं विचारलं की मान खाली. बोलायचीच नाही. भाताची कापणी उरकली तसा तिचा बाप आला. सगळं घर द्राक्षाच्या कामाला पिंपळगावकडे निघालं होतं.

"गुरुजी, पोर शिकंल का? नाय तर संगं नेतो. धाकट्याला सांभाळंल."

"न्या," मी म्हणालो. "डोकं चालत नाही तिचं."

खिचडी शिजवणाऱ्या बाई पाड्यावरच्याच. त्यांनी हे ऐकलं. बाप गेल्यावर मुलीला चुलीपाशी बसवून त्यांनी आपल्या बोलीत विचारलं, खेकडे कसे धरतेस गं? मुलगी जी सुटली! कुठल्या दगडाखाली हात घालायचा, कुठल्या नाही, नांगी कशी मोडायची, भाऊ कसा रडला. मला निम्मंच कळत होतं.

बाई पातेल्यात पळी फिरवत म्हणाल्या, "गुरुजी, डोकं नक्की कुणाचं चालत नाय?"

शाळा सुटल्यावर बापाला गाठून सांगायला हवं होतं. पण शेवटची एसटी चुकली असती, आणि खरं सांगायचं तर लाज वाटली. मी गाडी धरली.

दुसऱ्या दिवशी मुलगी वर्गात! बाईंनी बापाला गळ घालून तिला हंगामभर आपल्या घरी ठेवून घेतलं होतं. त्यांची स्वतःची तीन होती.

मग खिचडी चुलीवर चढवून बाई रोज अर्धा तास वर्गात बसायच्या. मुलं त्यांना सांगायची, मी ते मुलांच्याच शब्दांत फळ्यावर लिहायचो. खेकड्यांचं त्या मुलीनं न अडखळता वाचलं, आणि वाचता वाचता हसली. मग तेच आम्ही पुस्तकातल्या मराठीत आधी बोलायचो, नंतर वाचायचो. उन्हाळ्यापर्यंत पुस्तक तिला परकं राहिलं नाही.

बाप परतला. पोरीनं धडा वाचला आणि घरच्या बोलीत त्याला समजावून सांगितला. त्यानं माझे पाय धरले. बाई दारातच उभ्या होत्या. मी त्यांच्याकडे बोट दाखवायला हवं होतं, नाही दाखवलं. पुढे वर्गाचं कौतुक झालं, तेव्हाही गप्पच राहिलो. बाईंनी कधी विषय काढला नाही.

मला शिकवता येतं असं लोक म्हणतात. जे काही येतं ते त्या अर्ध्या तासांत आलं, त्या बाईंकडून.