डब्यात मुंग्या

आमची वेबसाइट बंद पडून दोन पावसाळे झाले. बंद करताना प्रोग्रामर म्हणाला, "तक्रारींचा विभाग उडवून टाकू का?" मी म्हटलं, "हात तर लावून बघ!" सगळ्या तक्रारी उतरवून घेतल्या, छापून काढल्या आणि दोन जाड फायली करून कपाटात ठेवल्या. घरचे हसतात. हसू देत. लोक लग्नाचे अल्बम चाळतात, मी तक्रारी चाळते.

खेळ साधा होता. कुणीतरी डोंगरावर, माळावर, कातळाच्या खोबणीत एक डबा लपवायचा आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश वेबसाइटवर टाकायचे. बाकीच्यांनी मोबाईल घेऊन तो शोधायचा, आतल्या वहीत सही करायची, आतली एखादी बारकी वस्तू घ्यायची आणि आपली एक ठेवायची. मग घरी येऊन साइटवर 'सापडला' असं नोंदवायचं. जगभर हा खेळ चालतो. डोंगर हिंडणाऱ्या आम्हा चारपाच जणांना वाटलं, आपल्या सातारा-सांगलीच्या माणसांसाठी तो मराठीत हवा. प्रोग्रामर पुण्यात बसायचा. मी उंब्रजला टायपिंगचा क्लास चालवते, त्यामुळे लिहिणं माझ्याकडे आलं. आणि लिहिणं म्हणजे तक्रारींना उत्तरं देणं, हे मला हो म्हटल्यावर कळलं.

काय एकेक तक्रारी! पासवर्ड विसरलो, आठवून सांगा. डोंगराचा फोटो आडवा दिसतोय, उभा करा. कोरेगावच्या एका गुरुजींनी तर डबा सापडेना म्हणून मलाच सुनावलं होतं, की ताई, तुम्ही स्वतः येऊन दाखवा, नाहीतर साइट बंद करा. मी तापट आहे, हे मी नाकारत नाही. पण त्या दिवसांत मी फार सुखी होते. सकाळी चहाचा कप घेऊन कॉम्प्युटर लावला, की कुणी ना कुणी माझ्या नावानं खडे फोडत बसलेलं असायचंच.

या सगळ्यात माझं खास गिऱ्हाईक होतं एक फौजी. कडेगावकडचे, सुभेदार होऊन निवृत्त झालेले, सत्तरीला टेकलेले. घरामागच्या टेकडीवर त्यांनी स्टीलचा गोल डबा ठेवला होता. त्यांची पहिली तक्रार फायलीत अगदी वर आहे. "जय हिंद मॅडम. मी डबा टेकडीवर ठेवला. तुमची साइट तो बर्फाच्या समुद्रात दाखवतीय. रिपोर्ट द्यावा."

मी बघितलं तर खरंच डबा उत्तर ध्रुवाजवळच्या समुद्रात! सुभेदारांनी रेखांश आधी आणि अक्षांश मागून घातला होता. तसं कळवलं, तर उत्तर आलं, "फौजेत नकाशा वाचताना आधी आडवं जायचं, मग वर चढायचं. तीस वर्षं असंच वाचलंय. उलटी तुमची साइट हाय, मी न्हाई." आता याला काय म्हणावं? शेवटी आम्हीच दोन्ही चौकोनांवर 'उत्तर' आणि 'पूर्व' असं ठळक लिहिलं. त्यानंतर ती चूक परत कुणी केली नाही.

मग त्यांच्या मागण्या सुरू झाल्या. डबा मिळाला नाही असं कुणी नोंदवलं, की साइटवर एक रडका चेहरा उमटायचा. सुभेदारांना तो खपेना. "माणूस एवढा डोंगर चढून आला. गावला न्हाई म्हून रडायचं कशाला? तो चेहरा काढा." प्रोग्रामर कुरकुरला, पण काढला. मला मनातून पटलं होतं, पण त्यांना मी तसं कळवलं नाही. आणखी चढले असते.

दुसऱ्या वर्षी त्यांच्या डब्याला एक नेमाचा पाहुणा मिळाला. सांगली शहरातून महिन्या-दीड महिन्यानं यायचा आणि नोंदीत एकच शब्द लिहायचा, 'सापडला'. खेळात सगळेच टोपणनावानं वावरत. या दोघांची टोपणनावं जुन्या खेड्यातली वाटायची, एकाला दुसरं शोभणारी. मला त्याची गंमत वाटायची, पुढे काही मी विचार केला नाही. मास्तराची पोर मी, गोठ्यातलं मला काय कळणार?

एकदा पुण्याच्या एका पोरीनं फोटोसह तक्रार धाडली. डब्यात मुंग्या. वही मुंग्यांनी भरलेली, आणि तळाशी धोतराच्या फडक्यात बांधलेल्या भाजक्या शेंगा नि गुळाचा खडा. आमचा नियम स्पष्ट होता, की डब्यात खाण्याचं काही ठेवायचं नाही. नोंदी बघून मी ताडलं, की हे काम सांगलीवाल्याचं. त्या सांगलीवाल्यांना समज दिली. उत्तर आलं, "रिकामा डबा परत ठेवायची आमच्यात रीत न्हाई." दुसऱ्यांदा समज दिली, तरी तेच उत्तर, अक्षर न बदलता.

माझं डोकंच फिरलं. मी काय रिकामटेकडी आहे काय? त्या आठवड्यात क्लासच्या परीक्षा होत्या, त्यात परत मुंग्यांचा फोटो आला. मी रागारागात त्यांचं खातं बंद करायचं बटण दाबलं. खातं बंद झालं की ठरलेला मजकूर आपोआप जायचा. तो मजकूर मीच कधीतरी लिहून ठेवला होता.

खरं तर माझ्या आईनं जन्मात कुणाचं भांडं रिकामं परत दिलं नाही. शेजारणीची वाटी आली, तर घरात काही नसलं तरी चिमूटभर साखर घालून जायची. हे सगळं बघत मी वाढले आणि तरी त्या माणसाला शिस्त शिकवायला गेले.

दोन महिन्यांनी सुभेदारांचं पत्र आलं. "मॅडम, आमच्या डब्यात मी ठेवलेली आवळकाठी तशीच पडून हाय. शेंगावाला येईना. चौकशी व्हावी." मी कळवलं, सदस्यांची माहिती देता येत नाही. आठवड्यानं परत, "परवा वर जाऊन आलो. न्हाई आला." पुन्हा मी तेच उत्तर चिकटवलं. तिसरं पत्र एका ओळीचं होतं. त्यात जय हिंदही नव्हतं. "बरा हाय का, एवढंच सांगा." त्यालाही मी, बाई माझी, तेच उत्तर चिकटवलं.

त्यानंतर पंधरा दिवसांनी साइटवरच्या नंबरावर एका बाईंचा फोन आला. "आवं, तुमी डब्यावाल्या बाई न्हवं? आमच्या मालकास्नी तुमी लिवता, त्या?" सुभेदारांच्या त्या मंडळी होत्या. म्हाताऱ्याचा पाय घसरला होता. डबा बघायला चौथ्यांदा टेकडीवर गेले, उतरताना पडले आणि पायाचं हाड मोडलं. "खाटंवर पडल्यात आन् एकच इचारत्यात, तो आला का. आता तुमीच सांगा, माझा दीर जित्ता हाय का न्हाई?"

मी म्हटलं, "दीर? कोण दीर?"

"आवं, शेंगावाला!"

मग सगळी हकीकत बाहेर आली. दोघे सख्खे भाऊ. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून बारा वर्षांपूर्वी भांडले. धाकटा घर सोडून सांगलीला लेकीकडे जाऊन राहिला. बोलणं बंद, जाणं-येणं बंद, भांडी देणं-घेणंही बंद. सुभेदारांनी खेळात स्वतःला जे टोपणनाव घेतलं, ते त्यांच्या वडिलांच्या बैलजोडीतल्या एका बैलाचं. नातीच्या मोबाईलवर धाकट्याला ते नाव दिसलं (हे मला पुढे सांगलीत कळलं), टेकडी ओळखीची दिसली, आणि त्यानं जोडीतल्या दुसऱ्या बैलाचं नाव घेऊन खातं उघडलं. पहिल्याच नोंदीला सुभेदारांनी भावाला ओळखलं होतं. धाकटा फाट्यावर उतरून गाव टाळून पलीकडच्या अंगानं टेकडी चढायचा, शेंगा ठेवायचा, आवळकाठी घेऊन जायचा. दोघांनी एकमेकांना एक शब्द लिहिला नाही. "काठी मारून पाणी तुटतं व्हय, बाई?" त्या म्हणाल्या. "पर ह्यास्नी कोन सांगनार!"

फोन ठेवला आणि खातं बंद करताना धाकट्याला काय गेलं होतं ते मी उघडून वाचलं. 'डब्याच्या मालकाने केलेल्या तक्रारीवरून आपले खाते कायमचे बंद करण्यात येत आहे.' तक्रार कुणाचीही असो, मजकूर हाच जायचा. लिहिताना मला वाटलं होतं, मालकाचं नाव घातलं की लोक जरा वचकून राहतील. थोरला भाऊ शेंगांची वाट बघत टेकडी चढत होता, आणि धाकट्याला वाटत होतं, की त्यानंच आपली तक्रार करून दार कायमचं लावलं.

पत्ता विचारून घेतला आणि दुसऱ्या दिवशी क्लासला सुट्टी देऊन एसटीनं सांगली गाठली. माफी मागायची तर तोंड दाखवून मागावी, असं आमच्या घरात होतं.

धाकटे काका ओसरीवर बसले होते. मी साइटचं नाव काढताच त्यांचा चेहरा दगडासारखा झाला. "सांगा त्याला, न्हाई येत म्हनावं आता. मुंग्या न्हाई व्हायच्या."

"काका, त्यांनी तक्रार केलीच नाही," मी म्हटलं. "खातं मी बंद केलं. ते पत्रही माझंच. त्यांना यातलं काही ठाऊकसुद्धा नाही."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की मला लहानपणची छडी आठवली. मी मोबाईल पुढे केला आणि सुभेदारांचे सगळे निरोप वाचून दाखवले, बर्फाच्या समुद्रापासून. समुद्रावर ते गालात हसले. रडक्या चेहऱ्यावर म्हणाले, "पयल्यापासनं असाच हाय त्यो, हुकूम सोडनारा." मग मी शेवटचा निरोप वाचला. बरा हाय का, एवढंच सांगा.

"पुन्यांदा वाचा," ते म्हणाले.

मी पुन्हा वाचलं. मग ते टेकडीवरून पडल्याचं, पाय मोडल्याचं सांगितलं. "पाय कुठला मोडलाय?" त्यांनी विचारलं.

"उजवा."

"लय दुखत असंल त्याला," ते म्हणाले आणि आत जाऊन लेकीला चहा टाकायला सांगितलं. चहा झाला, पण जातो म्हणाले नाहीत की नाही म्हणाले नाहीत. परतीच्या एसटीत मी रडले, खोटं कशाला सांगू? घरी येऊन त्यांचं खातं उघडलं, तो मजकूर स्वतःच्या हातानं पुसला आणि वाट बघत बसले.

पहिला आठवडा गेला, दुसराही गेला. मग एका कराडच्या पोराची नोंद आली. कडेगावकडचा डबा जागेवर नाही, खोबण रिकामी, कुणीतरी चोरून नेला. मालकाला विचारणं भाग होतं, म्हणून मी सुभेदारांना भीतभीत लिहिलं, की आपला डबा जागेवर नसल्याची तक्रार आहे, पान बंद करायचं असल्यास कारण निवडावं. कारणांची यादी आमची ठरलेली होती: हरवला, फुटला, जागा बदलली.

चौथ्या दिवशी उत्तर आलं. फायलीत तो कागद सर्वांत खाली आहे आणि आता हाताळून मऊ पडलाय.

"जय हिंद मॅडम. पान बंद करावं. पर कारण तुमच्या यादीत न्हाई. हरवला न्हाई, फुटला न्हाई. धाकटा घेऊन आला. शेंगा घालून आणला, दारातनं आत आला आन् खाटंवर माझ्या पायथ्याला ठेवला. तवा यादीत 'घरी पोचला' असं एक कारण वाढवावं, ही विनंती. मी चढू शकत न्हाई, आता त्यो हितनं भरून नेतो आन् भरून आणतो. डब्यात मुंग्या झाल्यात. तक्रार न्हाई."