मूळव्याध कुणाची?

पाणीपुरवठ्याच्या पंपावर काम करणाऱ्या माणसाला सगळं गाव मामाच म्हणे. अख्ख्या नात्यागोत्यात कायमची नोकरी त्याला एकट्याला, त्यामुळे सरकारी दवाखान्याचं मोफत उपचाराचं कार्डही त्याच्या एकट्याकडेच. त्यावर फोटो नव्हता. नात्यात कुणाचं पोट दुखलं की तो आधी पोट धरायचा आणि मग मामाचं दार गाठायचा. मामाला नाही म्हणता येत नसे.

मग एका सकाळी पंपावरच मामाचं स्वतःचं पोट दुखायला लागलं. उजवीकडे, खाली. घाम फुटला. सोबतच्या माणसाने त्याला थेट दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाईंनी पोट दाबून पाहिलं, मग फाइल उघडली आणि त्या थबकल्या.

"मामा, तुमचं अपेंडिक्स सहा वर्षांपूर्वीच काढलंय."

"असं होय," मामा कळवळत म्हणाला.

"मग टाक्यांची खूण कुठाय?"

"छान घातले असतील टाके."

बाईंनी पान उलटलं. "आणि तुमचे रक्तगट तीन कसे? चुकीचं रक्त चढवलं असतं तर मेला असतात!"

हे ऐकून मामाने सगळं भडाभडा सांगून टाकलं. अपेंडिक्स चुलतभावाचं, मुतखडा व्याह्यांचा, फ्रॅक्चर भाच्याचं. बाई आधी रागावल्या, मग तोंडावर मास्क ओढून हसल्या आणि ऑपरेशनच्या तयारीला लागल्या.

मामा बरा होऊन घरी आला, त्याच वर्षी नवा कायदा झाला. नोकरी असो वा नसो, प्रत्येकाला स्वतःचं कार्ड. दवाखान्याच्या रेकॉर्ड विभागातल्या बाईंनी मामाला निरोप धाडला, "सगळ्यांना घेऊन या. कुणावर कारवाई नाही. ज्याचा आजार त्याने आपल्या नावावर करून न्यावा."

सोमवारी नऊ माणसं त्या चिंचोळ्या खोलीत दाटीवाटीने उभी राहिली. मामीही आल्या होत्या. बाई वाचत गेल्या, एकेक जण सही करत गेला. व्याह्यांनी तर मुतखडा किती मोठा होता ते बोटांनी दाखवून सही केली.

"मूळव्याध," बाई म्हणाल्या.

मामाचा मेहुणा छताचा पंखा निरखू लागला.

"मूळव्याध कुणाची?"

"माझी नाही हं," मामा घाईने म्हणाला.

मामींना राहवलं नाही, त्या भावाकडे वळल्या. "अहो दादा, दोन महिने उशीवर बसत होतात ना तुम्ही?"

"ती उशी कमरेसाठी होती."

"कमरेवर बसतं का कुणी?"

भाचा खोकत खोकत बाहेर पळाला. मेहुण्याने पेन ओढून घेतलं आणि "जरा हळू बोलत जा गं" असं पुटपुटत सही ठोकली.

सगळे निघाले तरी मामी हलेनात. खुर्ची ओढून बाईंसमोर बसल्या.

"आता माझं लिहा. गुडघे दुखतात. अकरा वर्षं झाली."

"अकरा वर्षं? मग दाखवलं का नाही कधी?"

"कसं दाखवणार? यांच्या कार्डावर 'पुरुष' लिहिलं होतं."

मामा ओशाळला. इतक्या वर्षांत हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. तपासणीचा नंबर लागेपर्यंत दीड तास तो बायकोची पिशवी मांडीवर घेऊन बाकावर बसून राहिला आणि कुणी काही विचारलं की म्हणे, "मला काही झालेलं नाही. पेशंट आत आहे."