पोलीस पाटीलबाईंचा अहवाल

घोडेगावच्या बाजारापासून थोड्या अंतरावर एका गावात मी सरकारी जनावरांचा डॉक्टर होतो. नगरच्या सावेडी भागातल्या घरातून रोज मोटरसायकलनं जायचो. त्या गावच्या पोलीस पाटील एक बाई होत्या. वय चाळिशीच्या आतबाहेर, घरची चार एकर शेती, दोन म्हशी, काही शेळ्या. मी त्यांना ताई म्हणायचो.

एका हिवाळ्यात त्या गावातल्या एका मोठ्या बागायतदाराचा बैल दवाखान्यात आणला गेला. उसाची गाडी ओढताना तो रस्त्यातच बसला होता. मालकानं त्याला उठवायला लोखंडी पहार घेतली. डावा डोळा गेला होता, दोन बरगड्या मोडल्या होत्या. मी टाके घातले. मालक शेजारीच उभा होता. म्हणाला, "डॉक्टर, पडला म्हणून लिहा." मी 'बाह्य आघात' असं लिहिलं. त्यात खोटं काही नव्हतं, आणि खरंही फारसं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ताई आल्या. केसपेपर वाचून त्यांनी तो माझ्यापुढं ठेवला.

"डॉक्टर, पडल्यावर बैलाच्या अंगावर पहारीच्या रुंदीचे सात वळ उठतात का?"

"नाही उठत."

"मग तेवढंच लिहा. कुणी मारलं ते लिहू नका. ते माझं काम हाय."

मी वळ मोजून लिहिले. ताईंनी फिर्याद दिली. कोर्टात मालकानं गुन्हा कबूल केला, कारण दंड होता पन्नास रुपये. बाहेर येऊन त्यानं लोकांना चहा पाजला.

दोन वर्षांनी त्याच्या बंदुकीचा परवाना नूतनीकरणाला आला. पिकात रानडुकरं येतात म्हणून वडिलांच्या वेळेपासून घरात बारा बोअरची बंदूक होती. अर्जात पूर्वी शिक्षा झाली आहे का, असा रकाना असतो. त्यानं तिथं 'नाही' लिहिलं. ठाण्यातून वर्तणुकीचा अहवाल मागायला हवालदार आले, तेव्हा ताई माझ्या दवाखान्यात शेळीसाठी औषध घेत होत्या.

"दोन ओळी लिहा बाई, वर्तणूक चांगली. साहेबांना आज पाठवायचंय," हवालदार म्हणाले.

"शिक्षा झाल्याचं लिहावं लागंल."

"पन्नास रुपयांचा दंड. त्याला कोण शिक्षा म्हणतं?"

"कोर्टानं म्हटलंय," ताई म्हणाल्या, आणि माझ्याच टेबलावर बसून त्यांनी पानभर अहवाल लिहिला. शेवटी लिहिलं, 'सबब यांच्या ताब्यात शस्त्र असू नये असे माझे मत आहे.' हवालदारांनी कागदाची घडी करून खिशात घातली आणि ते गेले.

मी म्हणालो, "ताई, बैलासाठी एवढं वैर घेताय?"

"बैलाचं राहू द्या. आमीबी जनावरं बाजारात विकतो, मी काय साधू न्हाई. पण बैल बसला, उठंना, तर ह्यानं पहार घेतली. हाताशी जे हुतं ते घेतलं. उद्या घरातलं माणूस ह्याचं ऐकंना झालं, तर हाताशी काय आसंल?"

हे मला कधी सुचलं नव्हतं. मी तर रोज जखमा बघत होतो.

नगरला जिल्हाधिकारी साहेबांपुढं सुनावणी लागली. ताईंनी मला साक्षीला बोलावलं, म्हणून मीही गेलो. मालकाचे वकील म्हणाले की जनावराच्या दंडावरून परवाना नाकारा असं कायद्यात कुठं लिहिलेलं नाही. ते खरंच होतं. साहेबांनी माझ्याकडून वळांची नोंद वाचून घेतली. मग ताईंना विचारलं, "यांनी माणसाला त्रास दिल्याची काही तक्रार आहे का?"

ताई उभ्या राहिल्या. पदर सारखा केला. "तक्रार न्हाई साहेब. त्यांच्या घरातलं कुणी माझ्याकडं आलं न्हाई. बैलबी आला नव्हता."

साहेबांनी ते लिहून घेतलं. मालकाची मान पहिल्यांदाच खाली गेलेली मी पाहिली. ते लाजेनं की रागानं, मला कळलं नाही.

दीड महिन्यानं आदेश आला. कायद्यात जनावराचं नाव नसलं तरी हातात शस्त्र द्यायला माणूस योग्य आहे की नाही हे ठरवायचा अधिकार साहेबांना होता, आणि तो त्यांनी वापरला. शिक्षा लपवल्याचाही उल्लेख होता. परवान्याचं नूतनीकरण नाकारलं, बंदूक ठाण्यात जमा झाली. मालकानं वर अपील केलं. तिथंही तोच आदेश कायम राहिला.

गावानं ताईंना हार घातला नाही. उलट त्यांच्या शेताकडं जाणारी वाट मालकाच्या बांधावरून होती, ती त्यानं नांगरून टाकली. पोलीस पाटील बदला म्हणून सह्यांचं निवेदन तहसीलला गेलं. त्यावर ताईंच्या चुलत दिराचीही सही होती. ताई पाटाच्या कडेनं वळसा घालून शेतात जाऊ लागल्या, डोक्यावर गवताचा भारा घेऊन, रोज दोन वेळा. त्याच काळात मालकाच्या वाड्यावर भावकीचं भांडण पेटलं, तेव्हा मध्ये उभं राहायला ताईच गेल्या. त्या भांडणात काठ्या निघाल्या, दोघांची डोकी फुटली. दोघंही जगले.

माझी बदली पाथर्डीकडं झाली तेव्हा निरोप घ्यायला मी त्यांच्या घरी गेलो. नांगरलेल्या वाटेसाठी ताईंनी केलेला अर्ज अजून तहसीलमध्येच पडून होता. मी विचारलं, "अहवाल लिहिल्याचा कधी पस्तावा होतो का?"

"वाट लांब झाली," त्या म्हणाल्या. "गुडघं दुखत्यात. पस्तावा कशाचा?"

मग त्यांनी गोठ्यातून एक शेळी ओढून आणली. तिच्या खुरात काहीतरी रुतलं होतं, चार दिवस ती लंगडत होती. ताईंनी तिला मांडीशी घट्ट धरलं आणि मी बॅगेतून चिमटा काढला.